उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. नोकरी कुठे, लग्न झालंय का, माणसं कोण कोण, हे भाडेकरूला विचारायचे ठरलेले प्रश्नही विचारले नाहीत. मी हातात बॅग घेऊन त्यांच्या धारगळच्या घराच्या अंगणात उभी होते. ओटीवरच्या खुर्चीत बसलेल्या त्या उंच, सुकड्या म्हाताऱ्याने मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, कारण घड्याळाची तबकडी ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. मग विचारलं,

"आमोण्यासून हंय पोचाक किती वेळ लागलो?"

"दीड तास," मी म्हटलं.

"हो बसीचो वेळ जालो. घरच्या उंबऱ्याभायर पाय घातलंस कितक्यार?"

मी मनात मोजलं. घरातून निघाले, आईने परत बोलावून हातात डबा दिला, एक बस डोळ्यांदेखत गेली, डिचोलीला पंधरा मिनिटं उभी, म्हापशाला वीस. "दोन तास दहा मिनिटां जाली आसतली."

"बघ. म्हणजे चाळीस मिनिटां तुजी खंय गेली, तांचो तुका पत्तोच नाय." आणि आत तोंड करून म्हणाले, "अगो, कोण आयला बघ. उदक हाड."

त्यांच्या पत्नी, काकी, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. "तेंच्याकडे लक्ष दिवं नको. खोली बरी आसा," त्या म्हणाल्या. खोली खरंच बरी होती. पेडण्याच्या तालुका कचेरीतली माझी नोकरी नवी होती, रोज आमोण्याहून ये-जा करणं जमणारं नव्हतं. म्हटलं, वर्षभर काढू. पाच वर्षं राहिले.

काका पेडण्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली बस किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे वहीत लिहायचं आणि शिट्टी फुंकायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. निवृत्तीनंतर वही सुटली, शिट्टी सुटली नाही. ती दाराशी खिळ्याला टांगलेली असे. सकाळी मी वेणीफणी करत असले की हमरस्त्यावरून येणाऱ्या बसचा हॉर्न त्यांना माझ्या आधी कळे. मग शिट्टी. मग हाक. "सातचाळीस आयली गो! केस बसीत बांध!" सगळी आळी दात काढायची. पहिल्या आठवड्यात मला इतका राग आला की मी मुद्दाम बस सोडली. त्या दिवशी साहेबांचा लेटमार्क खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून शिट्टीवर चालू लागले.

गंमत म्हणजे आयुष्यभर ज्याने इतरांना रवाना केलं, तो माणूस स्वतः कुठे जातच नसे. त्यांना गाडी लागायची. बसमध्ये चढून दोन वळणं झाली की तोंड पिवळं पडायचं. कामावरही ते सायकलने जात. अगदीच म्हापशाला जायची वेळ आली तर हातात लिंबू घेऊन खिडकीशी बसत आणि पोचेपर्यंत ते हुंगत राहत. काकी म्हणायच्या, "लग्नाच्या वरातीत सुद्दां लिंबू होतां. लोकांक दिसलां, काय तरी विधी आसा."

विमानात तर ते उभ्या जन्मात बसले नव्हते. आणि तरीही विमानाच्या प्रवासाबद्दल विचारायला पंचक्रोशीतले लोक त्यांच्याचकडे येत.

कारण त्यांची एकुलती एक मुलगी ऑकलंडला होती. लेक आणि जावई दोघंही तिकडे नोकरीला. लेकीचा उल्लेख ते "आमचां चेडू" असा करत, आणि ते चेडू तेव्हा चौतीस वर्षांचं होतं. हॉलमध्ये दोन घड्याळं शेजारी शेजारी लावलेली. एकाखाली कागदाची पट्टी, "हंय". दुसऱ्याखाली, "थंय". वर्षातून दोनदा तिकडच्या लोकांनी घड्याळ एक तास हलवलं की काका स्टुलावर चढून "थंय"चा काटा फिरवत आणि पुटपुटत, "ह्यो देश आसा काय खेळ? सूर्य खंय हललो?" मग खाली उतरून चेडू आता झोपलं असेल, आता कामावर निघालं असेल, असं काकींना सांगत. काकींना ते आधीच ठाऊक असे, कारण त्या फोनवर बोलत. काका फोनवर फार बोलत नसत. जेवलीस काय, पाऊस आसा काय, आणि फोन काकींकडे.

लेक वर्षाआड यायची. तिच्या प्रवासाचं गणित काका महिनाभर आधी मांडत, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. तिच्या घराचा उंबरा, तिथला विमानतळ, सिंगापुरात थांबा, मुंबईत थांबा, गोवा, आणि आपला उंबरा. विमान हवेत किती तास, याला त्या पानावर सगळ्यात लहान जागा असे. "विमान उतरतां," ते म्हणत. "माणूस मागसून येतां. सामान येवक वीस मिनिटां, शिक्को मारूक पंधरा. भायर आवय आयल्या आसली तर रडूक पाच." ही रडण्याची पाच मिनिटं ते प्रत्येकाच्या हिशेबात धरत. चोपड्याची एक बाई मुलगा कुवेतहून कधी पोचेल हे विचारायला आली होती. तिला त्यांनी रडायला आठ दिली, कारण मुलगा तीन वर्षांनी येत होता.

मी एकदा त्यांना चिडवायला गेले. फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ दाखवतात, ते काढून त्यांच्यापुढे धरलं. दाबोळी ते ऑकलंड. नकाशावर समुद्रावरून एक रेघ, बारा हजार किलोमीटर, पंधरा तास.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ह्यां विमान कितक्यार सुटतां?"

"काका, असां विमान नाय. ह्यो नुसतो अंतराचो हिशोब."

"नाय? मगे ह्या पंधरा तासांनी पोचतां कोण?"

"कोणूच नाय."

"मगे लिवलां कोणाखातीर?" ते इतके भडकले की दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटले, फोनवर नसलेल्या विमानाची वेळ देतात म्हणून. त्यांच्या लेखी मोठ्यात मोठं पाप तेच होतं.

एक काम मात्र ते हसण्यावारी नेत नसत. कुणाच्या घरी मयत झालं आणि मुलगा किंवा मुलगी परदेशात असली की काकांना बोलावणं येई. ते इस्त्रीचा सदरा घालून जात. तिकिटाची माहिती विचारत, डोळे मिटून थोडा वेळ बसत आणि वेळ सांगत. त्या वेळेवर गावातली जाणती माणसं ठरवत, थांबायचं की उचलायचं. आमच्याकडे दिवस बुडायच्या आत अग्नी द्यायचा, ही रीत अजून पाळतात. शवागारातून मयत किती वाजता घरी आणायचं, लाकडं किती वाजता रचायची, सगळं काकांच्या शब्दावर. त्यांचा शब्द पाच-दहा मिनिटांच्या पलीकडे चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "मुखदर्शन जावंक जाय," ते घरी येऊन म्हणत. "तेवढ्याखातीर माणूस सात समुद्र हुपून येतां."

मग मोपाला विमानतळ झाला. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. इतकी वर्षं प्रत्येक हिशेबात दाबोळीच्या जुन्या विमानतळापासूनचे दोन तास धरावे लागत, ते एकदम गळून पडले. काकांना तो विमानतळ जणू आपल्यासाठीच बांधल्यासारखा आनंद झाला. लेक पुढच्याच वेळी मोपाहून परत गेली तेव्हा त्यांनी पान माझ्यासमोर फडकावलं. "उंबऱ्यासून विमानतळ, वीस मिनिटां! चेडू आता शेजारी आयलां समज."

त्यानंतरच्या जानेवारीत काकी गेल्या. सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या, छातीत कळ आली म्हणाल्या, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लेकीला मी फोन केला. जावयाने मिळेल ते तिकीट काढलं. मध्ये एक दिवस गेला. मुंबईहून विमानात चढताना तिने फोन केला तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "गोंयां कितक्यार?"

"चार वाजता, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. जाणती माणसं ओटीवर बसली होती. "पावणेपाच," ते म्हणाले. "उंबऱ्यार." ठरलं. मयत दुपारी घरी आणलं. पाचला उचलायचं. शेजाऱ्याच्या गाडीतून काका स्वतः मोपाला गेले, हातात लिंबू घेऊन.

पावणेपाच वाजले आणि माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज तिचा. तिचा फोन बंद पडला होता, कुठल्या तरी टॅक्सीवाल्याचा मागून घेतला होता. "बाबा खंय आसत गो? हांव कितकोसो वेळ भायर रावल्यां."

"ते मोपार आसत," मी म्हटलं. "तू खंय?"

"दाबोळीर," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्यांनी हिशेब मांडताना एकही गोष्ट गृहीत धरली नव्हती. ही एक धरली. गोव्यात आता विमानतळ दोन आहेत, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण वीस मिनिटांवरच्या विमानतळाचा आनंद एवढा होता की दुसरा कुणाच्या ध्यानातच आला नाही. माझ्याही नाही.

मी शेजाऱ्याला फोन लावला. काका परत आले तेव्हा सव्वापाच झाले होते. अंगणात माणसं उभी होती. त्यातल्या वयस्क एकाने पुढे होऊन नेहमीसारखंच विचारलं, "कितक्यान पोचतलां चेडू? रावया काय?"

जानेवारीतला दिवस. सूर्य सहा-सव्वासहाला जातो. मी त्यांच्या मागे उभी होते. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, काका, सहा म्हणा. सव्वासहा म्हणा. एकदा खोटं बोला. तुम्ही सांगाल ते हे लोक ऐकतील, थांबतील, आणि एकदा दिवस बुडाला की मग थांबलेच आहेत तर आणखी तासभर थांबतील. कुणी तुम्हाला दोष देणार नाही.

त्यांनी मनगट उलटं केलं. पर्वरीला रस्त्याचं काम चाललेलं, संध्याकाळची गर्दी, दोन पूल. डोळे मिटले, उघडले.

"सवासात," ते म्हणाले. "रावं नाकात. उचला."

ती सात वाजून अठरा मिनिटांनी आली. मला वेळ पक्की आठवते, कारण टॅक्सीचं दार वाजलं तेव्हा ओटीवर ओल्या पंचाने बसलेल्या काकांनी सवयीने मनगट उलटं केलं आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. आत काकींच्या जागी दिवा लावलेला होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. रडलीसुद्धा नाही. काका दारात उभे राहिले. "माजी चूक," ते म्हणाले.

"तुमची कशी, बाबा? विमानतळ म्यां सांगूक जाय होतो."

दोघंही चूक आपल्याकडे ओढत होती, आणि त्यामुळे दोघांपैकी कुणालाच कुणाची समजूत घालता येईना. तेरा दिवस त्या घरात तसेच गेले. जाताना ती मोपाहून गेली. काकांनी पान मांडलं नाही.

त्यानंतरचे काका मला आवडत नसत, हे कबूल करायला हवं. शिट्टी वाजत असे, पण हाक येत नसे. "थंय"चं घड्याळ महिनाभराने बंद पडलं. मी सेल आणून ठेवले, ते तसेच कपाटावर पडून राहिले. लोक विचारायला येत तेव्हा म्हणत, "माका म्हायत नाय. फोनार बघा." ज्या फोनची त्यांनी एवढी टिंगल केली होती, तोच आता पुढे करत. काही दिवसांनी लोक यायचे थांबले.

एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर म्हणाले, "ती रेघ दाखय मगे. सरळ जाता ती."

मी काढून दिली. मोपा ते ऑकलंड, पंधरा तास. ते बराच वेळ बघत राहिले.

"असां विमान आसतां," ते म्हणाले, "तर चेडू दुसऱ्या दिसाच पावतां. सकाळीच. आवशीकडे बसून च्या सुद्दां पितां."

मी फोन परत घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांच्यासमोर रडले असते तर ते रडण्याची मिनिटं मोजतील अशी मला आशा वाटली असती, आणि त्यांनी मोजली नसती तर ते मला सोसलं नसतं.

दोन वर्षांनी लेक यायची ठरली. मध्ये तिला मुलगी झाली होती, ती आता दहा महिन्यांची. काकांनी नातीला फक्त फोनवर पाहिलेलं. तिने तिकीट माझ्या फोनवर पाठवलं. मोपा. स्वच्छ लिहिलेलं. मी काकांना पाच वेळा वाचून दाखवलं, सहाव्यांदा त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचलं.

येण्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "फाल्या तुजी रजा आसा मगे?"

"आसा. मोपार येवक घेतल्या."

"मोपार मी जातंय. तू दाबोळीर राव."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग त्यांचं तोंड पाहिलं. "काका, तिकिटार मोपा लिवलां! सहा वेळा वाचलां तुमी!"

"लिवलां."

"मगे दाबोळीर माजां काय काम? थंय कोणूच येवचां नाय!"

"नाय येवचां," ते म्हणाले. "पण त्या दिसाय माका खात्री होती."

मी चिडले. रजेचा दिवस, तीन बस बदलून दाबोळीला जायचं, आणि न येणाऱ्या माणसाची वाट बघायची. नात बघायला मीही तेवढीच आतुर होते. तोंडावर आलेलं सगळं मी बोलूनही टाकलं. ते ऐकून घेत उभे राहिले. मग खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला आणि गेले.

जुन्या कॅलेंडरचं पान होतं. दोन वर्षांत पहिलंच. उंबरा, आठ. धारगळचा थांबा, आठ पाच. म्हापसा, पणजी, तिथे बस बदलायला बारा मिनिटं, चहा प्यायला दहा. दाबोळी, सव्वाअकरा. परतीची वेळ मात्र कोरी ठेवलेली.

मी गेले. अकरा वाजून दहा मिनिटांनी दाबोळीच्या बाहेरच्या कठड्याशी उभी राहिले. सुरक्षारक्षकाने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "कोणाक हाडूंक आयल्या?"

"कोणाक नाय," मी म्हटलं. तो जरा लांब जाऊन उभा राहिला.

मुंबईचं एक विमान उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली. ती यात नाही, असूच शकत नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि तरी कडेवर मूल घेतलेली एक बाई दाराशी दिसली तेव्हा मी कठडा धरून पुढे वाकले. ती कुणी दुसरीच होती. तेव्हा मला कळलं की काका दोन वर्षं रोज मनाने याच कठड्याशी उभे होते, आणि माझा राग गेला.

पाऊण वाजता शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांचा फोन आला. मागे केवढा तरी गोंगाट होता.

"आयलां!" ते ओरडले. विमानतळाच्या दारात उभं राहून स्टँडवरच्यासारखे ओरडत होते. "चेडू आयलां गो! धाकटांय आयलां! माजां लिंबू हातातसून काडून घेतलां तेणां, सोडीनासा जालां!"

"कितक्यार भायर आयली?" मी विचारलं. सवयीनेच विचारलं. काकांना दुसरं काय विचारणार?

पलीकडे बाळ चिरकलं, लेक हसली.

"घड्याळ बघूक नाय गो," ते म्हणाले.

मी डोळे पुसले. तो सुरक्षारक्षक आता उघड उघड माझ्याकडे बघत होता.

"तू आता ये," काका म्हणाले. "कितक्यान पोचतलंस? बसीचो नको सांगू. उंबऱ्यार."

मी मोजलं. बस मिळेपर्यंत वीस मिनिटं, पणजीला बदल, पर्वरीला अडकणार हे नक्की, थांब्यापासून चालत पाच. रडायला पाच. "साडेतीन तरी जातले, काका. तुमी जेवून घेयात. नात भुकेल्या आसतली."

"नातीक भरयतंव आमी," ते म्हणाले. "तू सावकाश ये. आमी रावतंव."